विज्ञानाचा अंदाज आणि आपली कसोटी



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे. पौर्णिमेच्या दिवशी इतवारीतील आमच्या वस्तीच्या विहारात वंदना आटोपल्यावर मला चार शब्द बोलावयास सांगण्यात आले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे ‘धम्म आणि विज्ञान’ हा विषय अशा वेळी माझ्याच वाट्याला येतो. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. आधुनिक विज्ञानाशी जुळणारा धर्म एकच, आणि तो बुद्धाचा, असे थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांनीच सांगून ठेवले आहे, असे मी म्हटले. टाळ्या पडल्या. गेली दहा वर्षे मी हे वाक्य सांगत आले आणि दर वेळी टाळ्या पडल्या.

सभा उठल्यावर आठवीतली एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “मॅडम, आइन्स्टाइन हे कोणत्या पुस्तकात म्हणाले? मला निबंधात लिहायचं आहे.”

मला उत्तर देता आले नाही. “शोधून सांगते,” एवढेच म्हणाले.

नंतर मी खरोखरच शोधले. ते वाक्य आइन्स्टाइन यांच्या प्रसिद्ध झालेल्या लेखनात नाही. त्यांनी नोव्हेंबर १९३० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी धर्म आणि विज्ञान या विषयावर एक लेख लिहिला होता. विश्वाच्या सुव्यवस्थेपुढे माणसाला जो विस्मय वाटतो त्याविषयी त्यात विवेचन आहे. ही भावना बौद्ध धम्मात विशेष आढळते असे त्यांनी तेथे म्हटले आहे, आणि ही माहिती आपल्याला शोपेनहॉवर या तत्त्वज्ञाच्या लेखनावरून झाली असेही नमूद केले आहे. बस्स, इतकेच. या छोट्या उल्लेखाचे प्रशस्तिपत्रक कोणी केले ठाऊक नाही, पण ते दहा वर्षे वाटत फिरणाऱ्यांत मी होते.

आपण स्वतःला बुद्धिवादी म्हणवतो. मग विज्ञानाच्या नावाने जे कानावर पडते ते आपण तपासून घेतो काय? या प्रश्नाचा आज आपण मिळून विचार करू या. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना तो अधिक जवळचा आहे, कारण जुने टाकून दिल्यावर घरात जी जागा रिकामी होते तेथे काय येऊन बसते, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

आमच्या नात्यातील एका मावशींचे उदाहरण घ्या. दीक्षा घेतली त्या आठवड्यात त्यांनी देव्हारा उतरवला आणि मुलाच्या दंडावरचा ताईत स्वतःच्या हाताने सोडला. त्याच मावशींच्या गळ्यात मागच्या वर्षी एक काळे लॉकेट दिसले. विचारले तेव्हा म्हणाल्या, “हे देवाधर्माचं नाही गं, सायन्सचं आहे. क्वांटम लॉकेट. यातून ऊर्जा निघते, सांधे दुखत नाहीत.” ताईत काही रुपयांचा होता, लॉकेटला सातशे रुपये पडले होते.

‘क्वांटम’ या शब्दाला एक चांगला अर्थ आहे. ऊर्जा सलग धारेने दिली-घेतली जात नाही, ठरावीक पुड्यांनी दिली-घेतली जाते, असे जर्मनीच्या माक्स प्लांक यांनी १९०० साली मांडले. आपल्या किराणा ओळीत साखर पाहिजे तितकी तोलून मिळते, पण आगपेटीतली अर्धी काडी कोणी विकत नाही, तसेच हे. या पुडीला क्वांटम म्हणतात. या विचारावर उभ्या राहिलेल्या शास्त्रातूनच ट्रान्झिस्टर आला आणि आपल्या हातातला मोबाईल आला. सांधेदुखीशी त्याचा काही संबंध नाही. नेदरलँड्स देशाच्या किरणोत्सार-सुरक्षा खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये अशा ‘ऊर्जा देणाऱ्या’ दहा वस्तू तपासून लोकांना इशारा दिला. त्यांत ‘क्वांटम पेंडंट’ नावाचे लॉकेटही होते. त्यांतून ऊर्जा निघत होती खरी, पण ती किरणोत्सारी होती, आणि दीर्घकाळ अंगावर बाळगल्यास अपाय करू शकणारी होती. मावशींचे लॉकेट त्यातलेच होते असे मी म्हणत नाही. पण त्यातून काय निघते हे त्यांनाही माहीत नव्हते आणि विकणाऱ्यालाही माहीत नव्हते. न विचारता गळ्यात घालण्याची सवय मात्र ताईताच्या वेळची होती तीच होती.

आता एक पायरी वर चढू. लॉकेट विकणारा लबाड असतो; पण मोठे शास्त्रज्ञसुद्धा असे पुष्कळ बोलतात जे अजून सिद्ध झालेले नसते. तो त्यांचा दोष नव्हे. अंदाज बांधल्याशिवाय विज्ञान पुढे जात नाही. फक्त शास्त्रज्ञाचा अंदाज हा उसनवारीसारखा असतो. आज घेतला तर उद्या पुराव्याने फेडावा लागतो.

१९६४ या एकाच वर्षी असे दोन मोठे अंदाज पुढे आले.

पहिला अंदाज आपल्या महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. कोल्हापूरला जन्मलेले, बनारसला वाढलेले आणि केंब्रिजला शिकलेले जयंत नारळीकर तेव्हा सव्वीस वर्षांचेही नव्हते. त्यांनी आपले गुरू फ्रेड हॉयल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्त मांडला आणि जून १९६४ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. जड गाडा ढकलताना तो विरोध करतो, त्याला जडत्व म्हणतात. हा विरोध येतो कोठून? अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाच्या विचाराचा धागा धरून हॉयल आणि नारळीकर यांनी मांडले की जडत्व हा गाड्याचा एकट्याचा गुण नाही. विश्वातल्या दूरदूरच्या साऱ्या पदार्थांशी त्याचा जो संबंध आहे त्यातून ते येते. आपल्याकडे या तरुणाचे फार कौतुक झाले. १९६५ मध्ये तो भारतात आला तेव्हा व्याख्यानांना गर्दी लोटली आणि त्याच वर्षी त्याला पद्मभूषण मिळाले. कौतुक रास्तच होते. पण गर्दीतल्या कितीजणांना माहीत होते की आपण एका अंदाजाला टाळ्या देत आहोत, आणि पुरावा यायचा आहे?

हा अंदाज वाचताना माझ्या मनात आले, अरे, हा तर आपला प्रतीत्यसमुत्पाद! एकटे, स्वयंभू असे काही नाही. सारे परस्परांवर अवलंबून आहे. शिवाय हॉयल यांचे स्थिर विश्वाचे मत असे होते की विश्वाला आरंभच नाही. आरंभ नाही म्हणजे निर्माताही नको. आपल्याला याहून सोयीचे काय असणार?

बंधुभगिनींनो, येथेच थांबायचे असते. आपल्या सोयीचा अंदाज समोर आला की माणूस प्रश्न विचारायचे विसरतो.

त्या वेळी दुसऱ्या बाजूलाही हेच चालले होते. विश्व एका अतिदाट, अतितप्त अवस्थेतून प्रसरण पावत आले, या मताचा पाया बेल्जियमचे जॉर्ज लेमेत्र यांनी घातला. ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोपनी आपल्या भाषणात या मताचा आधार घेऊन विज्ञान ईश्वरी निर्मितीकडेच बोट दाखवते असे सुचविले. यावर लेमेत्र खूष व्हावयास हवे होते, पण त्यांना ही सांगड पसंत पडली नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांपासून अलग आहे, असे ते म्हणत राहिले. ईश्वर मानणारा हा धर्मगुरू ईश्वरासाठी विज्ञानाचे प्रमाणपत्र घ्यायला तयार नव्हता. त्याचा ईश्वर आपल्याला मान्य नाही. पण त्याची ही प्रामाणिकता आपण घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

पुढे काय झाले? १९६५ मध्ये अमेरिकेतील पेन्झियस आणि विल्सन या दोघांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्यांच्या रेडिओ दुर्बिणीत आकाशाच्या प्रत्येक दिशेकडून एकसारखी खरखर येत होती. प्रथम त्यांना वाटले, दुर्बिणीत घरटे केलेल्या कबुतरांच्या विष्ठेमुळे असे होत असेल. त्यांनी ती साफ केली. खरखर कायम राहिली. ती खरखर म्हणजे विश्वाच्या त्या तप्त अवस्थेची उरलेली ऊब होती. आज तिचे तापमान शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सिअस आहे. १९७८ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक शास्त्रज्ञांनी स्थिर विश्वाचे मत सोडून दिले. आपण आपला धम्म त्या मताच्या खुंटीला टांगला असता, तर त्या दिवशी तोही खाली आला असता.

नारळीकरांनी मात्र आपली शंका सोडली नाही. १९९३ मध्ये त्यांनी हॉयल आणि बर्बिज यांच्यासह आपले मत सुधारून पुन्हा मांडले. ते अल्पमतात होते आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तोवर अल्पमतातच राहिले. पण त्यांनी कधी आकडे लपविले नाहीत, की माझ्यावर विश्वास ठेवा असे म्हटले नाही. गणित मांडले आणि तपासा म्हणून पुढे ठेवले. अल्पमतात असणे हा गुन्हा नाही, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

आता १९६४ चा दुसरा अंदाज. इंग्लंडचे पीटर हिग्ज, बेल्जियमचे आंग्लेर आणि ब्राऊट अशा काहींनी त्या वर्षी असे सुचविले की मूलकणांना वस्तुमान मिळवून देणारे एक क्षेत्र साऱ्या अवकाशात भरलेले असावे. तसे असेल तर त्या क्षेत्राचा एक कणही सापडला पाहिजे. तो शोधण्यासाठी स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल, २७ किलोमीटर घेराचे यंत्र बांधावे लागले. ४ जुलै २०१२ रोजी नवा कण सापडल्याचे जाहीर झाले. उसनवारी फिटायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली. २०१३ मध्ये हिग्ज आणि आंग्लेर यांना नोबेल मिळाले. ब्राऊट तोवर हयात नव्हते.

आणि आपल्या वृत्तपत्रांनी त्या कणाला नाव काय दिले? देवकण! हे नाव लेडरमन या शास्त्रज्ञाच्या १९९३ च्या एका इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकावरून आले. हिग्ज स्वतः निरीश्वरवादी होते आणि त्यांना ते नाव मुळीच आवडत नसे. पण मथळा खपतो. त्या दिवसांत शास्त्रज्ञांना देव सापडला, असे सांगणारे लोक मला इतवारीच्या चहाच्या टपरीवर भेटले. आपल्या देशाच्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून अशा कणांना ‘बोसॉन’ म्हणतात, ही खरी बातमी मात्र कोणाला ठाऊक नव्हती.

हे नुसते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तेच यंत्र १० सप्टेंबर २००८ रोजी प्रथम सुरू झाले. मी तेव्हा अकरावीत होते. आपल्याकडील काही दूरचित्रवाहिन्या कित्येक दिवस सांगत होत्या की या यंत्रातून कृष्णविवर निर्माण होईल आणि पृथ्वी गिळली जाईल. आमच्या चाळीत एका घरी टीव्हीसमोर सारा शेजार जमला होता. माझ्या आईने त्या दिवशी मला कॉलेजात जाऊ दिले नाही. मरायचे तर सगळे एकत्र असावे, असे तिचे म्हणणे. मला त्याची आज लाज वाटत नाही. अक्षर न शिकलेल्या आईला दोष कसा देऊ? टीव्हीवरचा माणूस कोट घालून बोलत होता.

त्या दिवशी त्या यंत्रात कणांची टक्कर व्हायचीच नव्हती. कणांचा झोत नुसता फिरवून पाहायचा होता. त्याहून कितीतरी अधिक ऊर्जेचे कण अवकाशातून येऊन पृथ्वीवर अब्जावधी वर्षे आदळत आहेत आणि पृथ्वी जागेवर आहे. एवढी दोन वाक्ये सांगितली असती तर पुरे होते. ती सांगितली गेली नाहीत. मध्य प्रदेशात एका शाळकरी मुलीने त्याच सुमारास आत्महत्या केली. टीव्हीवरील बातम्यांनी ती भेदरली होती, असे तिच्या वडिलांनी सांगितल्याचे वृत्तपत्रांत आले. शास्त्रज्ञाच्या वाक्यातला ‘जर’ आणि ‘कदाचित’ काढून टाकला की काय होते, हे मला तेव्हापासून विसरता आलेले नाही.

आजही हेच चालू आहे. आपल्या विश्वासारखी अनेक विश्वे आहेत, प्रत्येक घटनेच्या वेळी जगाला फाटे फुटतात, अवकाशाला दहा किंवा अकरा मिती आहेत, अशा बातम्या मोबाईलवर रोज येतात. यामागे खरे शास्त्रज्ञ आहेत. जगाला फाटे फुटण्याचे मत अमेरिकेच्या ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये गणितासह मांडले. पण दुसरे विश्व अजून कोणी पाहिलेले नाही, जादा मिती कोणी मोजलेली नाही. हे अंदाज चुकीचे ठरले असे नाही; त्यांची परतफेड व्हायची आहे. बातमीत मात्र ते जमा झालेले दाखवितात. मग कोणी म्हणतो, हे आमच्या पुराणात होते, आणि आपल्यातला कोणी म्हणतो, ही तर आपली शून्यता. शब्द जुळले म्हणजे अर्थ जुळला असे होत नाही. अणूच्या शास्त्रात ‘निरीक्षण’ म्हणजे उपकरणाशी कणाचा संबंध येणे. त्याचा अर्थ ‘मनाने जग घडते’ असा लावून किती पुस्तके आणि किती शिबिरे विकली जातात, ते आपण पाहतोच.

या बाबतीत तथागतांची भूमिका काय होती? मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूने हट्ट धरला की विश्व शाश्वत आहे की अशाश्वत, सान्त आहे की अनन्त, हे सांगितल्याशिवाय मी धम्ममार्गाने चालणार नाही. विषारी बाण लागलेला माणूस, बाण कोणी मारला, धनुष्य कशाचे होते, हे कळेपर्यंत बाण काढू देत नसेल तर त्याचे काय होईल, असा तथागतांनी त्याला उलट प्रश्न केला. यावरून कोणी असे समजू नये की आकाशाचा अभ्यास करू नये. आकाश जरूर अभ्यासावे. आपली मुले शास्त्रज्ञ व्हावीत. पण शेजाऱ्याशी कसे वागावे, दारू सोडावी की नाही, मुलीला शिकवावे की नाही, या प्रश्नांची उत्तरे विश्वाच्या आरंभाचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवता येत नाहीत. आणि तो निकाल कसाही लागला तरी ती उत्तरे बदलत नाहीत.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात धम्म काय नव्हे याची यादी दिली आहे. निव्वळ तर्कावर आधारलेली समजूत म्हणजे धम्म नव्हे, हे त्या यादीत आहे. धर्मग्रंथ चुकूच शकत नाहीत असे मानणे म्हणजे धम्म नव्हे, हेही त्याच यादीत आहे. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी दिलेला सल्ला तर याहून कडक आहे. सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरूनसुद्धा मान्य करू नका, असे त्यांनी सांगितले. मग सांगणारा आइन्स्टाइन असला तरी, किंवा आपल्या विहारातली मॅडम असली तरी, नियम तोच.

म्हणून माझी विनंती आहे की विज्ञानाची मोठी बातमी आली की घरात मुलांसमोर तीन प्रश्न विचारावेत. पहिला: हे कोणी पाहिले, मोजले, की ‘असावे’ असे म्हटले आहे? दुसरा: हे खोटे असेल तर ते कशावरून कळेल? तिसरा आणि सर्वांत अवघड: हीच गोष्ट आपल्या विरोधकाच्या सोयीची असती तर मी इतक्या सहज मानली असती काय?

दुसऱ्या प्रश्नाचा एक चांगला धडा २००८ मध्येच पुण्यात मिळाला. नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन फलज्योतिषाची परीक्षा घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमविल्या. भाग घेतलेल्या ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाठविल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातील ते ओळखा म्हणून सांगितले. सत्तावीस जणांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणे उडवून सांगितले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास बरोबर आले असते! कसोटी आधी ठरली, निकाल नंतर लागला. ही रीत फक्त ज्योतिष्यांसाठी राखून ठेवायची नाही. ती आपल्या स्वतःच्या वाक्यांनाही लावायची आहे.

पुढल्या पौर्णिमेला मी विहारात सर्वांसमोर सांगितले की आइन्स्टाइनचे ते वाक्य मला कोठेही सापडले नाही, आणि दहा वर्षे ते सांगितल्याबद्दल मी दिलगीर आहे. एक वयोवृद्ध काका नाराज झाले. “पोरी, कशाला सांगितलं? चांगलं वाक्य होतं. लोकांना बळ येत होतं.”

मी म्हटले, “काका, शास्त्रात लिहिले आहे असे सांगून आपल्या माणसांना पाण्यापासून, शाळेपासून दूर ठेवले गेले. कोठे लिहिले आहे ते दाखवा आणि पटवून द्या, असे विचारायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले. आठवीतल्या पोरीने मला तेवढेच विचारले. तिला मी गप्प बसवू?”

काका काही बोलले नाहीत. जाताना मात्र त्या मुलीला जवळ बोलावून विचारले, “निबंध लिहिलास का? दाखव बरं.” तिने तो निबंध आइन्स्टाइनशिवाय लिहिला आहे.